वाचणारं माणूस

‘आमची शेळी राती येली. लाइट नव्हती. आई बॅटरी धरून बसली. दोन करडं झाले. एक मेलं. पप्पा काहीच बोलले नाही. आठ दिवस झाले. आज्जी म्हनती चहा कोराच करा.’

तिसरीतल्या एका मुलीनं हे लिहिलं. शिसपेन्सिलीनं, वहीच्या अर्ध्या पानावर, ओळी थोड्या उताराला लागलेल्या. लाल पेन घेऊन बसलं तर एवढ्याशा मजकुरात खुणा करायला बरंच सापडतं. ‘राती’ आहे, ‘येली’ आहे, ‘म्हनती’ आहे, करडांना ‘झाले’ म्हटलंय. नुसतं वाचायला बसलं तर मात्र शेवटच्या वाक्याशी थांबावं लागतं. चहा कोरा का? तिनं ते सांगितलेलं नाही. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून मजकुराखाली पेन्सिलीनं एवढंच लिहिलं, ‘उरलेलं करडू कसं आहे?’ दुसऱ्या दिवशी वही आली. ‘बारीक आहे. उभं राहत नाही. दूध काढून आई बाटलीनं पाजती.’ तिसऱ्या दिवशी मी काहीच विचारलं नव्हतं, तरी तिनं वही आणून पुढं धरली. ‘आज उभं राहिलं.’

मुलांना लिहितं करण्याबद्दल मला जे काही म्हणायचं आहे, ते या वहीपाशीच येऊन थांबतं. मूल लिहितं, कारण पलीकडं कुणाला तरी पुढचं ऐकायचं आहे. असं माणूस वर्गात असलं तर बाकीची साधनं कमीअधिक चालतात. ते नसेल तर रंगीत भिंती, तक्ते, बोलक्या फरश्या, सगळं असूनही वह्या मुक्या राहतात.

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, बालाघाटाच्या रांगांमधल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. शाळा सातवीपर्यंत, खोल्या कमी, म्हणून दोन-दोन, तीन-तीन इयत्ता एकाच खोलीत सतरंज्यांवर. काही मुलं गावातली, काही तांड्यावरची. दिवाळीच्या आसपास बऱ्याच घरांना कुलपं लागतात. माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि उन्हाळा लागला की परत येतात. लिहिण्याचा विचार करताना हे सगळं धरूनच करावा लागतो. पुस्तकी ‘विद्यार्थी’ आमच्या सतरंजीवर बसत नाही.

मराठी शाळेतलं लिहिणं बहुतेक ठिकाणी कसं सुरू होतं, ते आपण सगळ्यांनी भोगलेलं आहे. रोज एक पान शुद्धलेखन. म्हणजे धड्यातल्या दहा ओळी बघून बघून वहीत उतरवायच्या. त्यानं हात वळतो, अक्षराला वळण येतं, हे मला मान्य आहे, आणि पहिली-दुसरीत थोडंसं अनुलेखन मीही देते. पण चार-चार वर्षं दुसऱ्याचीच वाक्यं उतरवत राहिलेल्या मुलाच्या मनात एक गोष्ट घट्ट बसते, की लिहायचं असतं ते आधीच कुठं तरी लिहिलेलं असतं. मग पाचवीत बाई म्हणतात, ‘आता मनानं लिहा.’ सगळ्या माना वर होतात आणि उत्तर येतं, ‘बाई, फळ्यावर द्या ना.’ या मुलांना लिहिता येत नाही असं नसतं. आपल्या मनात आहे ते वहीत चालतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध मराठी माणसाला पाठ असतो. रिमझिम पाऊस, मातीचा सुगंध, हिरवा शालू नेसलेली धरणी आणि पिसारा फुलवून थुईथुई नाचणारा मोर. गाइडातून तो फळ्यावर येतो, फळ्यावरून वह्यांत, वह्यांतून उत्तरपत्रिकेत. आमचा भाग पर्जन्यछायेचा. कित्येकदा अख्खा जून आभाळाकडं बघण्यात जातो आणि पेरणी दुबार करावी लागते. तरी एकेका वहीत तोच शालू, तीच रिमझिम. मला सगळ्यात वाईट वाटतं ते मोराचं. कारण मोर या मुलांना खरोखर माहीत आहे. आमच्याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, नायगावचं मयूर अभयारण्य आहे, आणि डोंगरातले मोर अभयारण्याची हद्द पाळत नाहीत.

एकदा निबंध बाजूला ठेवून मी विचारलं, ‘मोर कुणी कुणी पाहिलाय?’ सगळे हात वर. ‘काय करत होता?’ मग जी झुंबड उडाली! ‘बाजरी खात होता.’ ‘आमच्या शेंगा उकरल्या.’ ‘कुत्रं मागं लागलं की लिंबावर जाऊन बसतो.’ ‘रातच्याला वरडतो, भ्या वाटतं.’ नाचणारा मोर दोघा-तिघांनी पाहिला होता आणि त्यांचं म्हणणं असं की नाचताना तो मागून बघितला तर काहीच चांगला दिसत नाही. बोलणं असं पुरेसं तापल्यावर मी म्हटलं, आता हेच लिहा. चौथीतल्या एकानं लिहिलं, ‘मोर दिसायला लई भारी असतो पन तो आमची बाजरी खातो. आज्जी गोफन फिरवती. दगड लांब टाकती. मोराला लागत नाही. तो परत येतो. आज्जी परत गोफन फिरवती.’ मोर राष्ट्रीय पक्षी आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला मारायला बंदी आहे, हे पुढं परिसर अभ्यासाच्या तासाला आम्ही पाहिलंच. आजी दगड मुद्दाम लांब टाकते, हे पाहायला मात्र डोळे लागतात आणि ते त्या मुलाकडं आधीपासून होते.

तेव्हापासून लिहिण्याआधी बोलायचं, हा आमच्या वर्गाचा रिवाज झाला. परिपाठ संपला की आम्ही गोल करून बसतो. काल काय झालं, कुणाच्या घरी कोण आलं, कुणाची मोटार जळाली, कुणाच्या मामाला मुलगी झाली. जो बोलतो त्याला मध्ये तोडायचं नाही आणि हसायचं नाही. हसण्याचा नियम मी फार कडक पाळते. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींवर बंदी घातली आहे. छडी बऱ्याच शाळांतून गेली. पण मुलाचं चुकलेलं वाक्य मोठ्यानं वाचून वर्गाला हसवणं अजून चालतं, आणि त्याला त्रास म्हणतात हेही पुष्कळांना पटत नाही. असं एकदा हसू झालेलं मूल पुढं कितीतरी महिने बेतानंच लिहितं. सोपे शब्द, आखूड वाक्यं, फळ्यावरची रचना. चुकायला नको म्हणून जे लिहायचं ते लिहीतच नाही.

गोलातलं बोलणं संपलं की वह्या उघडतात. कुणी भिंतीला टेकून, कुणी पालथं पडून, एक जण दारातल्या पायरीवर. तेवढा वेळ मी कुणाच्या मागं जाऊन उभी राहत नाही. मोठ्या माणसाच्याही मागं कुणी उभं राहिलं तर त्याला सही धड करता येत नाही. पहिलीतली मुलं आधी चित्र काढतात, मग येऊन सांगतात आणि त्यांनी सांगितलेलं मी चित्राखाली लिहून देते, जसंच्या तसं, एकही शब्द न सुधारता. मग त्यांचं बोट धरून तेच परत वाचायचं. आपण तोंडानं बोललेलं कागदावर राहतं आणि दुसऱ्या दिवशीही तेच असतं, हे कळतं तेव्हा पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघायला मिळावं म्हणून तरी प्रत्येकानं काही दिवस पहिलीला शिकवावं. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्याकडं सांगण्यासारखं नसतं, हा समज मराठीत तरी टिकू नये. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी उतरवून घेतली म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या मागं, ती पुस्तकातून आपल्या हाती आली. उतरवून घेणारं कुणी तरी घरात होतं.

आता शुद्धलेखनाचं. मी चुका सोडून देते असा माझ्याबद्दल बोलबाला आहे, तो खरा नाही. मी त्या उशिरा धरते. आधी मजकुराशी बोलायचं, मग अक्षरांशी. ‘पानी’ लिहिणाऱ्या मुलाच्या घरी पाणी ‘पानी’च असतं. त्यानं कानानं ऐकलेला आवाज बरोबर अक्षरात पकडला आहे. म्हणजे वाचन-लेखनातला सगळ्यात अवघड टप्पा त्यानं ओलांडला आहे. त्या क्षणी त्याच्या वहीवर लाल गोल काढणं मला अन्याय वाटतो. ‘ण’ त्याला शिकवायचाच आहे, पण त्यानं काय मिळवलं हे आधी त्याला कळू दे.

वर्गात बऱ्याच जणांची होणारी एकच चूक मी आठवड्याला निवडते आणि कुणाचंही नाव न घेता फळ्यावर घेते. लेखनाचे जे नियम आपण पाळतो ते साहित्य महामंडळाचे, १९६२ चे, पुढं १९७२ मध्ये चारांची भर पडून अठरा झालेले. त्यातले काही मुलांना फार आवडतात. ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाला’ म्हटलं की ऱ्हस्व. ‘वीट’ दीर्घ, ‘विटेला’ ऱ्हस्व. मोठ्यानं म्हणून बघा म्हटलं की जीभच सांगते. मग मुलं मधल्या सुट्टीत शब्द शोधत हिंडतात: मूल, मुलाला, तूप, तुपात, खीर, खिरीत, म्हणजे पुढं ‘ई’ आली तरी तसंच होतं की काय, बाई? अशी भांडणं मी मिटवत नाही, चालू देते. ‘आणि’चा ‘णि’ ऱ्हस्व का, हे जीभ सांगत नाही. तो अपवाद आहे आणि पाठच करावा लागतो, हे सरळ सांगून टाकते. मुलांना सरळ सांगितलेलं चालतं.

पक्कं करून लिहायची वेळ येते ती भित्तिपत्रकासाठी. दर पंधरवड्याला वऱ्हांड्यातल्या फळ्यावर आम्ही पानं लावतो. तिथं गावातली माणसं येतात, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना त्यांच्या नाती वाचून दाखवतात, रेशनला आलेले म्हातारे उभे राहतात. लोक वाचणार म्हटलं की मुलं आपणहून येतात, ‘बाई, पिशवीची पहिली वेलांटी कोणती?’ तेव्हा सांगितलेली ऱ्हस्व कायमची राहते. फळ्यावर काय लावायचं हे लिहिणारं मूल ठरवतं, मी नाही.

तांड्यावरच्या मुलांचा प्रश्न याहून खोल आहे. त्यांची घरची बोली गोरमाटी, बंजाऱ्यांची. मराठी त्यांच्या कानावर शाळेत आल्यावरच नीट पडते. दुसरीतल्या एकीनं लिहिलं, ‘माझी याडी बाटी करते.’ याडी म्हणजे आई, बाटी म्हणजे भाकरी. मी ते तसंच भित्तिपत्रकावर जाऊ दिलं, खाली तिनंच अर्थ लिहिला. गावातल्या मुलांना दोन नवे शब्द मिळाले आणि तांड्यावरच्या मुलांना कळलं की आपल्या घरचा शब्द या भिंतीवर चालतो. त्या वर्षी तांड्यावरच्या वह्या गावातल्या वह्यांपेक्षा आधी भरल्या. प्रमाण मराठी त्यांनी पुढं शिकलीच. ती शिकायला त्यांना कुणी घरची भाषा गिळायला लावली नाही, एवढंच.

मुलाला त्याच्या आयुष्याबद्दल लिहू दिलं तर त्यातून काय निघू शकतं, याचं उदाहरण मराठीत फार जुनं आहे. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एका विद्यार्थिनीचा निबंध दोन भागांत छापून आला. विषय, मांग-महारांचं दुःख. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, वय चौदाच्या आसपास. आपल्या लोकांना जमिनींवरून कसं हाकललं, आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही कसं नसतं आणि त्या थंडीवाऱ्यात काय सोसतात, आमचा धर्म तरी कोणता ते देवानं सांगावं, हे ती थेट विचारते. मी तो निबंध दरवर्षी सातवीला वाचून दाखवते. वाचताना मला लेखिकेइतकाच तो वर्ग दिसत राहतो. असं कुठल्या वर्गात लिहिता येतं? जिथं शिकवणाऱ्यांनी त्या मुलीला तिचा विषय लिहायला मोकळीक दिली, तिचा राग खोडला नाही, तिच्या तोंडी फुलाचं मनोगत घातलं नाही. तेव्हा त्या शाळेत जाणं हेच धाडस होतं. आज आमच्याकडं इमारत आहे, पुस्तकं मोफत आहेत, कायदा आहे. मग तेवढी मोकळीक द्यायला काय हरकत आहे, हा प्रश्न मला शिक्षण परिषदेत बसलं की दरवेळी पडतो.

उसाच्या फडावरून परतलेली मुलं मार्च-एप्रिलात वर्गात येतात तेव्हा वर्ग बराच पुढं गेलेला असतो. बाकीच्यांच्या वह्या भरलेल्या, यांच्या कोऱ्या. ती अंग चोरून मागं बसतात. त्यांच्यासाठी मी एक करते. गोलात पहिल्या दिवशी त्यांनाच मध्ये बसवते आणि वर्गाला सांगते, तुम्ही विचारा. मग फड, मोळी, कोयता, मुकादम, उचल, टोळी, हे शब्द फळ्यावर उतरतात. ‘वाढं म्हणजे काय?’ उसाचा वरचा हिरवा भाग. तो जनावरांसाठी विकून आईला थोडे पैसे सुटे मिळतात. ‘कोपी कशी बांधता?’ मग एकजण उठून खडूनं कोपीचं चित्र काढतो, बांबू कुठं रोवायचे, पाचट कसं घालायचं. दुसऱ्या दिवशी त्याची कोरी वही उघडते. एका मुलानं लिहिलं होतं, ‘राती गाडी भरायला उठवतात. बहीण मोळीवर झोपती. थंडी लई. कारखान्याचा भोंगा झाला की चहा.’ आम्ही त्या वर्षी सहलीवर निबंध घेणार होतो. तो रद्द केला आणि ‘मी जिथं राहून आलो’ असा विषय ठेवला. जे कुठंच गेले नव्हते त्यांनी मामाच्या गावाबद्दल लिहिलं.

काही मुलं मागं राहतात. हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून जेवणाची सोय होते, त्यामुळं आजी-आजोबांपाशी राहून ती शाळेत येऊ शकतात. आई-वडील पाच-सहा महिने लांब. मोबाइलवर बोलणं होतं, पण रांगेत तिघं भावंडं, पलीकडं रेंज जाते-येते, ‘जेवलास का, शाळेत जातो का’ एवढ्यावर फोन संपतो. म्हणून आम्ही पत्रं लिहायला लागलो. पोस्टकार्ड फडावर पोचत नाही, कारण टोळी आज या शिवारात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या. मग कागदावर लिहायचं, मी फोटो काढायचा आणि वडिलांच्या नाही तर मुकादमाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा. बऱ्याच आयांना वाचता येत नाही. टोळीत एखादा बारावी झालेला असतो, तो संध्याकाळी कोपीपुढं बसून सगळ्यांची पत्रं वाचून दाखवतो. हे मुलांना कळलं तेव्हा त्यांच्या लिहिण्यात जो फरक पडला, तो मी दुसऱ्या कुठल्याही उपक्रमानं पडलेला पाहिलेला नाही. मोठमोठ्यानं वाचलं जाणार म्हणून मुलं वाक्य म्हणून बघायला लागली. ‘शेळी विकू नका’ हे चुलत्यांसमोर वाचलं जाईल, तर ते कसं लिहायचं, यावर एका मुलीनं पूर्ण तास घालवला. शेवटी लिहिलं, ‘शेळीला मी रोज पाला आनते. ती मला वळखती.’ उत्तर आवाजी निरोपानं येतं. तिच्या आईचा निरोप वर्गात लावायचा की नाही ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, नको. तिनं तो मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन ऐकला.

नको म्हणायचा हक्क मुलांना असला पाहिजे. आमच्या वर्गात पानाची घडी घातली की ते पान फक्त मी वाचायचं, अशी बोली आहे. ते वर्गात वाचायचं नाही, भित्तिपत्रकावर लावायचं नाही. दोन घड्या घातल्या तर मीही वाचायचं नाही. दोन घड्यांची पानं मी आजवर उघडलेली नाहीत. मोह होतो. पण एकदा उघडलं की तो वर्ग संपला.

एका घडीच्या पानांमध्ये जड गोष्टी येतात. दारू येते, मारहाण येते. सहावीतल्या एकीनं लिहिलं, ‘ताईचं जमलंय. ताई नववीत आहे. ती रडत नाही पन बोलत बी नाही.’ अशा वेळी मजकुराखाली प्रश्न लिहून भागत नाही. आमच्या भागात हे नवं नाही. सहा महिने फडावर जायचं तर वयात आलेली मुलगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही आई-बापांची भीती खरी असते आणि ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हा हिशेबही त्यात असतो. मी मुलीशी आधी बोलले. हे मी कुणाकुणाला सांगणार आहे आणि तुझं नाव कुठंही येणार नाही, हे तिला सांगितलं. तिनं मान हलवल्यावर ग्रामसेवकांकडं गेले. गावपातळीवर बालविवाह रोखण्याची जबाबदारी त्यांच्याकडं असते, आणि १०९८ हा मदतीचा फोन क्रमांक मुलांसाठीच आहे. लग्न थांबलं. ताई पुन्हा शाळेत जाऊ लागली. हे सांगते ते अशासाठी की मुलांना खरं लिहू द्यायचं म्हटलं तर ते खरं आपल्या अंगावर येणार, याची तयारी शिक्षकानं आधीच ठेवावी. तयारी नसेल तर मुलाला मन मोकळं कर म्हणू नये.

शिक्षकानं स्वतः लिहावं, हेही मला फार महत्त्वाचं वाटतं. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. त्यासाठी ते स्वतः रोज लिहीत आणि मुलं सकाळी ते वाचत. दैनिक! पहाटे उठून, कुठलाही आदेश नसताना. मी रोज नाही, पण मुलं लिहितात तेव्हा मीही सतरंजीवर बसून लिहिते आणि माझं पान गोलात वाचते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पाचवीतल्या मुलानं विचारलं, ‘बाई, तुम्ही बस चुकली लिहिलं, पन मग घरी कशा गेल्या?’ प्रश्न अगदी बरोबर होता. मी खाडाखोड करते, ओळीवर काट मारते, दुसरी लिहिते, हे त्यांना दिसतं. खोडरबर मागणारे त्यानंतर कमी झाले.

मूल्यमापनाच्या नोंदी मी नियमानं भरते. शिवाय प्रत्येक मुलाची एक फाइल ठेवते: जूनमधलं पान, दिवाळीनंतरचं, मार्चमधलं. पालक सभेत तीन पानं शेजारी शेजारी ठेवली की वेगळं समजावावं लागत नाही. तरी एका पालकांनी विचारलंच, ‘मॅडम, हे करडाचं-मोराचं ठीक आहे, पण परीक्षेला येणारे निबंध कधी घेणार?’ त्यांचा प्रश्न मी उडवून लावणार नाही. त्यांना मुलाला फडाच्या बाहेर काढायचं आहे आणि परीक्षा हाच त्यांना दिसणारा रस्ता आहे. मी सांगितलं, घेते, आणि घेतेच. मुलांना गाइडातला निबंध वाचायला देते आणि विचारते, यातलं खरं किती, आपल्याकडचं किती, तुम्ही काय बदलाल. मग बोलता बोलता ते म्हणाले, ‘तांड्याला टँकरचा अर्ज करायचाय. एखादा चांगला लिहून द्या.’ मी म्हटलं, सातवीला देते.

अर्जलेखन अभ्यासक्रमात आहेच. ‘प्रति, विषय, महोदय’ सगळ्यांना येत होतं. अडलं ते मजकुरापाशी. पहिल्या मसुद्यात ‘आमच्या तांड्यावर तीव्र पाणीटंचाई निर्माण झाली असून’ असं आलं, वर्तमानपत्रातून उचललेलं. मी विचारलं, ज्याच्या टेबलावर हा कागद जाईल त्यानं तुमचा तांडा पाहिलाय का? नाही. मग त्याला काय दिसायला हवं? मुलं विहिरीवर जाऊन आली. घरं मोजली, माणसं मोजली, जनावरं मोजली, हंडा भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं. दुसऱ्या मसुद्यात आकडे आले. तिसऱ्यात तांड्यावरच्याच एका मुलीचं वाक्य आलं, ‘विहिरीत बादली सोडली की पाण्याआधी दगडाचा आवाज येतो.’ अर्जात असं वाक्य चालतं का, यावर वर्गात दोन तट पडले. मत घेतलं. वाक्य राहिलं. शुद्धलेखन सगळ्यांनी मिळून तीनदा तपासलं, कारण कागद तालुक्याला जाणार होता.

त्या वडिलांनी आणि आणखी चौघांनी सह्या केल्या, दोघांनी अंगठे दिले. पोच घेऊन ते शाळेत आले आणि शिक्का मारलेली प्रत मुलांना दाखवली. टँकर त्या महिन्यात सुरू झाला. अर्जामुळं की यादीत नाव आधीच होतं म्हणून, ते मला सांगता येणार नाही आणि मुलांनाही मी तसं काही सांगितलं नाही. प्रत भित्तिपत्रकावर लावली आहे. आता सातवीला एसटीच्या थांब्यासाठी अर्ज करायचा आहे. फाट्यावर किती माणसं किती वेळ उन्हात उभी असतात, ते मोजायला दोन मुलं बाजारच्या दिवशी जाणार आहेत. पहिला मसुदा माझ्या टेबलावर आलाय. त्यात ‘गैरसोय’ हा शब्द तीन वेळा आहे. कुणाची आणि कशी, एवढं मी खाली पेन्सिलीनं विचारलंय.